देऊची मुळी

मुलांनो, जरा माझ्याबरोबर उताणे पडा. समजा, तुमच्या पाठीखालची खाट चालायला लागली आहे. छत मागे सरकतंय. एक दिवा येतो, डोक्यामागे जातो, मग दुसरा येतो. अंगावर पातळ हिरवा झगा, सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नाही, आणि थंडी अशी की दातांवर दात वाजतायत. तेवढ्यात डोक्याच्या बाजूने एक चेहरा तुमच्यावर वाकतो. तो उलटा आहे. हनुवटी वर, कपाळ खाली, मध्ये दोन शांत डोळे. चेहरा म्हणतो, "घाबरू नका. मी इथंच आहे."

हा चेहरा पुढे कधी बाजारात सरळ दिसला, तर ओळखाल का?

हरिचंद्र भालेरावांना कुणीच ओळखत नसे. उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या एका धर्मादाय हॉस्पिटलात ते ऑपरेशन थिएटरचे तंत्रज्ञ होते. भूल देणाऱ्या डॉक्टरच्या उजव्या हाताशी उभं राहायचं, मागतील ती नळी हातात ठेवायची, यंत्रांवर नजर ठेवायची, हे त्यांचं काम. हजारो माणसांनी झोपण्याआधी शेवटचा पाहिलेला चेहरा त्यांचाच होता. पण भुलीचं औषध असं, की ते झोपेआधीची चार मिनिटंसुद्धा पुसून नेतं. अंबरनाथच्या मंडईत एखादी बाई त्यांच्या शेजारी उभी राहून कोथिंबीर निवडायची, आणि भालेरावांना आठवायचं, ही आपली पित्ताशयवाली. ते गुपचूप बाजूला व्हायचे. घरी बायकोला सांगायचे, "आज एक पित्ताशय भेटलं गं, तब्येत सुधारलीय त्याची." ती म्हणायची, "आधी जेवा, मग पित्ताशय सांगा."

तर त्या सकाळी भालेराव जी ट्रॉली ढकलत होते, तिच्यावर गंगू होती.

गंगू बारवीच्या बाजूची, चामटोलीच्याही पुढे डोंगराला लागून असलेल्या एका वाडीतली. वय साठीच्या आसपास. गळ्यात आंब्याएवढी गाठ. कित्येक वर्षं तिने ती पदराखाली वागवली होती. आता गाठ आत श्वासनलिकेवर रेलायला लागली आणि उताणं झोपलं की जीव घाबरा व्हायला लागला, तेव्हा मुलगा सुदाम तिला घेऊन आला. बरोबर सुदामची मुलगी सोनी, चौथीतली. तिला घरी ठेवणार कुणाकडे, आणि ती आजीला सोडून राहणार कशी? सोनी आजीला बय म्हणायची.

आदल्या दिवशी चार वाजता भालेराव वॉर्डात गेले तेव्हा गंगू खाटेवर बसून हलकेच गात होती. लग्नाचं गाणं होतं. वाडीत कुणाचंही लग्न असो, हळद कुटण्यापासून नवरी निघेपर्यंतची गाणी गंगूच उचलायची आणि बाकीच्या बाया झेलायच्या, म्हणजे तिची ओळ संपली की ती वरच्यावर धरून पुढे न्यायच्या. इथे झेलायला सोनी एकटीच होती. आजीने ओळ सोडली की पोर ती बारीक आवाजात धरायची. शेजारच्या खाटेवरच्या सिंधी आजींनी चहा थंड होऊ दिला होता.

तेवढ्यात डॉक्टर रुचिका आल्या आणि गाणं मध्येच थांबलं. रुचिका मॅडम भूलतज्ज्ञ. त्या खाटेच्या कडेलाच बसल्या.

"मावशी, झोप लागली की तुमचा श्वास आम्ही चालवणार. त्यासाठी घशातून एक नळी घालावी लागते. नळी घालायला जीभ वर उचलतो आम्ही, एका वाकड्या पात्याने. आपल्याकडे एक नवीन पातं आलंय. त्याच्या टोकाला बारीक कॅमेरा आहे, तो आतलं सगळं पडद्यावर दाखवतो. त्याचीच टेस्टिंग चालू आहे."

"कुठलं हाय ते? फारेनचं?"

"मेड इन यूएसए," मॅडम म्हणाल्या. "उल्हासनगर, शहाड, अंबरनाथ."

सुदाम हसला. गंगू हसली नाही. "माझ्यावरच पयला टेस्टिंग का?"

"पहिलं नाही. साध्या गळ्यांवर झालंय, नीट झालंय. पण गाठ असलेल्या गळ्यावर तुमचंच पहिलं. नको असेल तर नको म्हणा, जुन्या पात्याने करू. मैं नाराज नहीं होऊंगी."

गंगूने गळ्याच्या गाठीवर बोट फिरवलं. "नली कुठून जाते, आवाजाच्या वाटंनं?"

"हो. आवाजाचे दोन पडदे असतात, त्यांच्या मधून."

"मंग माझा आवाज?"

"जपून घालणार. पण नळीने घसा काही दिवस बसेल. आणि गाठ काढताना आवाजाची नस तिथूनच जाते. सर्जन सांभाळतील. शंभर टक्के असं मी सांगत नाही."

"खरं बोलतंस," गंगू म्हणाली आणि अंगठा पुढे केला. "कर नव्यानं. बघून घालशील तरी."

मॅडम गेल्या. सोनी मात्र भालेरावांच्या मागे लागली. "काका, कॅमेरा दाखवा ना."

भालेरावांना एवढं निमित्त पुरे होतं. लहान मूल काही विचारू लागलं की या माणसाला ड्युटी संपल्याचंही भान राहत नसे. शिकाऊ डॉक्टरांच्या सरावासाठी असलेलं रबरी डोकं त्यांनी काखेत मारून आणलं. ते अर्धं कापलेलं असतं, त्यामुळे आतल्या वाटा दिसतात.

"हे बघ. तोंडातून आत गेलं की दोन रस्ते. मागचा जेवणाचा, पुढचा श्वासाचा. श्वासाच्या रस्त्यावर हे झाकण. तू घास गिळलास की झाकण पटकन मिटतं. चुकून कण गेलाच तर?"

"ठसका लागतो."

"शाबास. ठसका म्हणजे राखणदार. तो आत आलेल्याला बाहेर हाकलतो. पण भूल दिली की माणूस झोपतो, आणि राखणदारपण झोपतो." त्यांनी खिशातला एक फुटाणा काढून रबरी तोंडात टाकला आणि डोकं जरा हलवलं. फुटाणा घरंगळत गेला तो थेट पुढच्या नळीत.

सोनी नळीत डोकावली. "मंग तो माणूस मरंल?"

"म्हणूनच तर बयला उद्या उपाशी ठेवायचं."

सोनी फुटाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आनि जिभेखाली काय असंल तर?"

भालेराव डोकं पिशवीत भरत होते. "जिभेखाली काय असणार? जीभच," ते म्हणाले आणि तिच्या डोक्यावर टपली मारून निघून गेले.

आता पुन्हा सकाळकडे या.

थिएटरच्या दारापाशी जमिनीवर एक लाल रेघ आहे. तिच्या पलीकडे बाहेरच्या माणसाने पाऊल टाकायचं नाही. रेघेपाशी भालेरावांनी ट्रॉली थांबवली आणि नेहमीचे प्रश्न विचारले. "कवळी आहे? दात हलतो? तंबाखू, मिसरी काही तोंडात?"

गंगूने मान हलवली. नाही. तिन्ही नाहीत.

"आ करा." तिने मोठा आ केला. भालेरावांनी बॅटरी मारली. दात जागेवर, घसा लाल, जीभ खाली सपाट बसलेली. सगळं ठीक होतं. ट्रॉली आत गेली, दार मिटलं. सोनी आणि सुदाम रेघेबाहेर उभे राहिले.

आत वेळ भराभर जात होता. रुचिका मॅडमनी नवं पातं आणि जुनं पातं शेजारी शेजारी ठेवलं होतं. ठरलेलं असं होतं: नव्याने दोनदा प्रयत्न करायचा, जमलं नाही तर हट्ट न धरता जुनं उचलायचं. मॉनिटर टिक टिक करत होता. हा आवाज रक्तातल्या ऑक्सिजनचा. ऑक्सिजन भरपूर असला की टिकटिक उंच सुरात चालते. कमी झाला की सूर उतरतो. भालेराव पाठ फिरवूनही ती ऐकू शकत.

गंगूच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क बसला. मॅडमनी औषधाची सिरिंज हाताच्या सुईला जोडली.

आणि दाराच्या गोल काचेवर कुणीतरी थापा मारू लागलं.

भालेरावांनी वळून पाहिलं. काचेत सोनीचा चेहरा होता, कपाळापासून नाकापर्यंतच. चवड्यांवर उभी असावी. लाल रेघ ओलांडून अनवाणी आली होती. पलीकडून वॉर्डबॉय ओरडत येत होता.

"कोण आहे?" मॅडम म्हणाल्या.

"नात आहे. घालवतो." भालेराव दाराकडे गेले. त्यांना राग आला होता. त्यांनी दार हातभर उघडलं. "सोनी, इथं यायचं नाही. काय पाहिजे?"

सोनी बोलली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठ घट्ट मिटलेले. तिने बयला शब्द दिला होता, की कुणाला सांगणार नाही. शब्द मोडायचा नव्हता आणि गप्पही राहवत नव्हतं. मग तिने तोंड उघडलं, जीभ उचलून टाळूला लावली, आणि जिभेखालच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. मग तेच बोट तिने आत, ट्रॉलीकडे केलं.

भालेरावांना कालचा फुटाणा दिसला.

"मॅडम, थांबा," ते म्हणाले. आवाज चढला नाही, पण मॅडमचा अंगठा सिरिंजवर होता तिथेच थांबला. "औषध देऊ नका. तोंडात काहीतरी आहे."

मास्क काढला. "मावशी, जीभ वर करा," मॅडम म्हणाल्या.

गंगूने ओठ मिटून घेतले.

"गंगूबाई, काय आहे आत?"

भालेराव तिच्या डोक्याशी जाऊन वाकले. उलटा चेहरा, शांत डोळे. "मी रागावत नाही. मला कळलं पाहिजे एवढंच."

ती ओठ जेमतेम विलग करून म्हणाली, "मुली."

"कसली मुळी?"

"आवाजाची. देऊनं दिलेली."

देऊ म्हणजे तिचा नवरा. दरसाल लग्नसराईच्या तोंडावर तो रानात जायचा आणि बोटाच्या पेराएवढी एक मुळी घेऊन यायचा. गंगू ती जिभेखाली धरायची, रस घशात उतरू द्यायची, मग मुळी गालात सरकवून गायला लागायची. रात्ररात्र गायली तरी तिचा आवाज बसला नव्हता. ती मुळी रानात कुठं मिळते हे देऊने कुणाला सांगितलं नाही, आणि सांगेन सांगेन म्हणत असताना तो गेला. हा राहिलेला शेवटचा तुकडा. आवाजाच्या वाटेने नळी जाणार म्हटल्यावर तिने तो वाटेवर राखणीला बसवला होता. तिला कुणी कवळी विचारली, दात विचारला, मिसरी विचारली. मुळी कुणी विचारली नव्हती.

"काढा मावशी, प्लीज," मॅडम म्हणाल्या. "झोपेत घसरली तर श्वासाच्या नळीत जाईल. मेरे कॅमेरे के आगे बैठेगी, आणि मीच तिला आत ढकलेन."

"काढली तं आवाज जाईल."

"नाही काढली तर तुम्ही जाल."

"जाईन." ती अगदी साधं बोलली. बाजूला सर्जन हात धुऊन उभे होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा पाहायचं टाळलं. जबरदस्तीने तोंड उघडून बोट घालणं अवघड नव्हतं. मॅडमनी हातमोजे काढून ठेवले.

"नाही, मी काढणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हीच सांगा काय करायचं. ऑपरेशन नको असेल तर परत वॉर्डात नेऊ."

तेव्हा दारातून बारीक आवाज आला. वॉर्डबॉयने दंड धरलेला होता, तरी सोनी तिथेच होती. "बय, मना दे."

गंगूने मान वळवली.

"मी धरतंय. तुझ्या जागंवर. मी नाय झोपत, माझा राखणदार जागा हाय."

मॅडमनी भालेरावांकडे पाहिलं. भालेराव म्हणाले, "बरोबर आहे तिचं. जागं माणूस धरू शकतं. पण सोनी, बसून राहायचं. पळायचं नाही, झोपायचं तर बिलकुल नाही. झोप आली तर आधी काढून मुठीत धरायची. कबूल?"

"कबूल."

गंगूने दोन बोटं तोंडात घातली. काळपट, ओला, सालं निघालेला तो तुकडा होता. भालेरावांनी हात पुढे केला तर तिने मान हलवली. शेवटी ट्रॉली दारापर्यंत न्यावी लागली. आजीने दाराच्या आतून हात लांबवला, नातीने तोंड उघडलं. त्या हॉस्पिटलात असली देवघेव यापूर्वी झाली नसेल.

"आता गानं येऊ देऊ नको," गंगू तिला म्हणाली. "मी उठल्याबिगर बोलू नको."

मॅडमनी पुन्हा सगळं तपासलं, रस किती गिळला विचारलं, थोडा वेळ थांबून पाहिलं. मग औषध गेलं. गंगूचे डोळे भालेरावांच्या उलट्या चेहऱ्यावर होते, ते तिथेच मिटले.

"पातं."

भालेरावांनी नवं पातं हातात ठेवलं. मॅडमनी जीभ उचलली. पडद्यावर लाल ओलसर बोगदा दिसला, आणि दुसऱ्याच क्षणी सगळं धुरकट झालं. आतल्या उबदार वाफेने कॅमेऱ्याची काच झाकळली. मॅडमनी पातं जरा हलवलं. धुकंच. टिकटिक चालू होती, उंच सुरात. मग एक पायरी उतरली. आणखी एक.

"उतरतोय," भालेराव म्हणाले.

"ऐकू येतंय." मॅडमनी पातं बाहेर काढलं, मास्क लावला, पिशवी दाबून श्वास दिला. एक, दोन, तीन. सूर वर चढला. "गरम पाणी." त्यांनी पात्याचं टोक कोमट पाण्यात बुडवलं, पुसलं. "दुसरा प्रयत्न. यात नाही झालं तर जुनं. तयार ठेवा."

भालेरावांनी जुनं पातं डाव्या हातात घेतलं.

या वेळी काच नितळ राहिली. पण जिथे वाट असायला हवी तिथे वाट नव्हती. गाठीने सगळं डावीकडे रेटलं होतं. "बाहेरून गळा दाबा. उजवीकडे. थोडं अजून." भालेरावांनी दोन बोटांनी गळा हळूच सरकवला. सूर पुन्हा एक पायरी उतरला. आणि पडद्याच्या कडेला दोन पांढऱ्या पाकळ्या दिसल्या.

इतकी वर्षं ही जागा फक्त भूल देणारा डॉक्टरच वाकून बघायचा. भालेराव शेजारी उभे असूनही त्यांना ती दिसत नसे. या चाचण्यांपासून ती पडद्यावर येऊ लागली होती, तरी आज ते वेगळ्या नजरेने बघत होते. काल वॉर्डातलं गाणं इथून आलं होतं. एवढ्याशा दोन पाकळ्यांतून.

"नळी," मॅडम म्हणाल्या, आणि मग स्वतःशीच, "धीरे, धीरे." नळी पाकळ्यांच्या मधून, त्यांना न दुखवता, आत सरकली. छाती वर आली. सूर चढला.

मग सर्जन पुढे आले.

बाहेर धर्मेश उभा होता. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या आपल्या लहानशा कारखान्यात ते पातं त्यानेच बनवलं होतं. मॅडम क्षणभर दारातून डोकावल्या तसा तो पुढे झाला. "पहिल्या खेपेत?"

"दुसऱ्या. काच धुरकटली. तसंच लिहिलंय मी."

धर्मेशचा चेहरा पडला. "टोक आतून गरम राहील असं काहीतरी करावं लागेल," तो म्हणाला.

बाकावर सोनी बसली होती, पाठ ताठ, ओठ मिटलेले. सुदाम म्हणत होता, "पानी पी गो. बोल तरी काय." ती बोलत नव्हती. समोरच्या बाईने बिस्किट दिलं, ते तिने मांडीवर ठेवलं. भालेराव अधूनमधून दारातून डोकावत. तिचे डोळे उघडे असत.

दुपार कलल्यावर गंगूला बाहेरच्या खोलीत आणलं. गळ्याला पांढरी पट्टी, नळी निघालेली. सर्जननी सुदामला बाजूला घेऊन सांगितलं, की गाठ गेली, नस तुटलेली नाही, पण गाठीखाली दबून ती सुतासारखी झाली होती. आवाज कधी येईल, केवढा येईल, ते आत्ता सांगता येत नाही.

गंगूने डोळे उघडले. समोर भालेराव सरळ उभे होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली, मग उशीवर हळूहळू मान वाकडी केली, आणखी वाकडी, जणू त्यांचा चेहरा उलटा करून बघत होती. मग तिच्या डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडल्या. भालेराव खाटेची चादर नीट करू लागले; ती नीटच होती.

"गंगूबाई, नाव सांगा तुमचं," ते म्हणाले. हे सगळ्यांनाच विचारतात.

ओठ हलले. नुसता वारा आला.

सोनी खाटेशी आली. तिने मुळी तोंडातून काढली, फ्रॉकला पुसली आणि बयच्या ओठांपाशी नेली. भालेराव म्हणणार होते, आज नको, घसा ओला आहे अजून. त्यांना म्हणावं लागलं नाही. गंगूने पोरीची मूठ मिटली आणि ती हळूच तिच्याच तोंडाकडे वळवली. ओठांनी सांगितलं, "म्हन."

सोनीने बापाकडे पाहिलं, भालेरावांकडे पाहिलं. तिने आजवर गाणं कधी उचललं नव्हतं, ती झेलणारी होती. तिने मुळी पुन्हा जिभेखाली ठेवली, रस घशात उतरू दिला, मग ती गालात सरकवली. काल डॉक्टर आल्या तेव्हा गाणं जिथे तुटलं होतं तिथूनच तिने ते उचललं, आणि ओळ संपली तशी बयच्या तोंडाकडे बघत थांबली, झेलायला जागा ठेवून.